बावीस, चारशे चार आणि जळगावचं ऊन: ‘ओझोन फ्रेंडली’ म्हणजे नेमकं काय?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. सावद्याजवळ तुमचं केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. त्याला पाच टनाचं (इथं टन म्हणजे वजन नव्हे, थंड करायची ताकद) कूलिंग युनिट आहे, २०१४ साली बसवलेलं, आत आर-२२ गॅस. गेल्या दोन वर्षांत दोनदा गॅस ‘संपला’, दोन्ही वेळा चार-चार किलो भरला. आता नवा मेकॅनिक म्हणतो, बावीसवर बंदी आलीय, त्यानं ओझोनला भोक पडतं आणि ऊन वाढतं. त्यापेक्षा ४०४ए टाकू, तो ‘ओझोन फ्रेंडली’ आहे. त्यातच नववीतल्या तुमच्या मुलीनं प्रकल्पाच्या वहीत लिहिलंय की ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. तुम्ही विचारताय, दोघांचं बरोबर आहे का, आणि गॅस बदलू का.

मुलीचं वाक्य चुकलंय, पण तिला रागावू नका. ही चूक मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकतो. मेकॅनिकचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड मात्र तुमच्या खिशाला पडेल.

मी १९९३ पासून भुसावळला हेच काम करतो. फ्रिज, कुल्फीवाल्यांचे डीप फ्रीझर, दुधाचे बल्क कूलर, आणि गेली बरीच वर्षं रावेर-यावल पट्ट्यातली रायपनिंग चेंबर. मी शास्त्रज्ञ नाही, पण गॅस हाताळून हाताळून त्याचा स्वभाव कळतो, आणि हे सगळं प्रकरण गॅसच्या स्वभावाचंच आहे.

आधी ओझोन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोनचा थर आहे. थर म्हटलं की जाड पत्रा डोळ्यांसमोर येतो, पण तो सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाखाली पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. त्याचं मुख्य काम सूर्याचे अतिनील किरण अडवणं. हे किरण कातडी भाजतात, डोळ्यात मोतीबिंदू आणतात, पिकांनाही सोसत नाहीत. पण उन्हाची धग त्यांच्यामुळे नसते. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास, आणि ओझोन ज्यांना अडवतो ते तर त्यातलेही थोडेच. धग येते ती डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातून आणि त्याच्या शेजारच्या अवरक्त किरणांतून. त्यांना ओझोन बहुतेक सगळे येऊच देतो, आजही आणि शंभर वर्षांपूर्वीही.

शिवाय ते ‘भोक’ आपल्या डोक्यावर नाहीच. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या त्यांच्या हॅली तळावरून ते दाखवून दिलं. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दक्षिण ध्रुवावर सूर्य परत उगवायला लागला की तिथला ओझोन झपाट्यानं कमी होतो. त्यासाठी उणे ७८ अंशांच्या खाली गारठलेले ढग लागतात; त्या ढगांतल्या बर्फाच्या कणांवर क्लोरीन मोकळा होण्याची तयारी होते आणि ऊन लागलं की तो ओझोनवर तुटून पडतो. आपल्याकडचं ऊन एप्रिल-मेमधलं, ते छिद्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आणि सप्टेंबरमधलं. या दोघांची गाठ पडायचं कारण नाही.

मग आपल्याकडे एवढं का तापतं? आपण समुद्रापासून आत, तापीच्या खोऱ्यात, उत्तरेला सातपुडा, जमीन काळी, उन्हाळ्यात आभाळ कोरडं आणि वारा वायव्येचा, तोही कोरडाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जळगाव-धुळ्याच्या बरोबर डोक्यावर येतो, दुपारी सावली पायाखाली जाते. ही आपली जन्मजात धग. पणजोबांच्या काळातही माणसं दुपारी घराबाहेर पडत नव्हती. त्या धगीवर आता वरची भर पडतेय, ती ग्रीनहाऊस परिणामाची. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. ऐकायला ते काहीच वाटत नाही, पण सरासरी सरकली की टोकाचे दिवस जास्त वेळा येतात. यंदाच्या अमुक तारखेच्या ४६ अंशांत किती वाटा कशाचा, हे मी सांगू शकत नाही आणि तो मेकॅनिकही सांगू शकत नाही.

ग्रीनहाऊस परिणाम मुलीला समजवायला पुस्तकातलं काचघर नको. ज्यानं मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बाज टाकून झोप काढलीय त्याला तो अंगानं माहीत आहे. आभाळ निरभ्र असेल तर पहाटे चादर ओढावी लागते. त्याच आठवड्यात एखाद्या रात्री ढग आले, तर वारा असूनही धाबं रात्रभर उकळतं. दिवसा तापलेली जमीन रात्री ती ऊब अदृश्य किरणांच्या रूपात आकाशात सोडते. ढग आणि हवेतली वाफ ती ऊब धरतात आणि अर्धी परत खाली पाठवतात. कार्बन डायऑक्साइड हेच करतो, पण ढग सकाळी निघून जातो, हा जात नाही. डिसेंबरच्या निरभ्र रात्री केळीला थंडीचा चरका बसू नये म्हणून तुम्ही बागेत धूर करता, रात्री पाणी देता. धूर करण्यामागची कल्पना तीच, बागेवर तात्पुरती गोधडी घालायची.

ही गोधडी मुळात वाईट नाही. ती नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ असतं. अडचण ती जाड होण्याची आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. (टिश्यूकल्चरची रोपं ठेवायच्या पॉलीहाऊसमध्ये गरम होतं ते मुख्यतः वारा अडतो म्हणून. ‘ग्रीनहाऊस’ हे नावच जरा फसवं आहे.)

म्हणजे ओझोनचा थर झिजणं हा एक आजार, गोधडी जाड होणं हा दुसरा. मग सगळे या दोघांची सरमिसळ का करतात? कारण दोन्हींत माझ्या धंद्यातल्या गॅसचा हात आहे, आणि तुमच्या चेंबरचा प्रश्न नेमका इथं सुरू होतो.

फ्रिजमधला जुना गॅस आर-१२, तसाच आर-११, हे सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन. त्यांत क्लोरीन असतो आणि ते इतके चिवट की खाली कशानंच तुटत नाहीत. लोक विचारतात, हा गॅस हवेपेक्षा जड, मग वर जातो कसा? बादलीतल्या पाण्यात खाली बसलेली साखरही ढवळली की वरपर्यंत पोचते. वारा वातावरण तसंच ढवळतो. काही वर्षांत तो ओझोनच्या थरापर्यंत पोचतो, तिथल्या प्रखर अतिनील किरणांनी तुटतो, क्लोरीन सुटतो. एक क्लोरीन अणू स्वतः संपत नाही, एकामागून एक ओझोनचे रेणू मोडत राहतो, लाखभरापर्यंत. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे १९७४ साली मांडलं आणि त्यासाठी पुढं १९९५ साली त्यांना क्रुट्झेन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

दुसरा धागा आपल्याच माणसानं जोडला, आणि तो मला फार आवडतो. वीरभद्रन रामनाथन हे तमिळनाडूचे. शास्त्रज्ञ होण्याआधी ते सिकंदराबादला फ्रिजच्या एका कंपनीत इंजिनिअर होते आणि त्यांचं काम होतं गॅस गळतो का ते शोधणं. पुढं अमेरिकेत गेल्यावर १९७५ साली त्यांनी दाखवलं की तोच सीएफसी गोधडीचंही काम करतो, आणि रेणूला रेणू लावला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट. गळतीमागं धावणाऱ्या माणसालाच गळतीचा दुसरा परिणाम सापडला.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. १९९३-९४ ला उस्तादाच्या हाताखाली असताना कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे आधी पाइप कापायचा आणि गॅस भुस्सकन सोडून द्यायचा, अशीच पद्धत होती. कुजलेली लाइन धुवायलाही आर-११ वापरायचो, तोही हवेतच. कुणी अडवत नव्हतं, वासही येत नव्हता. आर-१२ वातावरणात शंभरेक वर्षं टिकतो. म्हणजे त्या वर्षी मी सोडलेल्या गॅसपैकी पाऊण हिस्सा आजही वरच आहे.

१९८७ साली मॉन्ट्रियलला ओझोन वाचवायचा जागतिक करार झाला, भारत १९९२ साली त्यात आला, आणि २०१० पर्यंत आपल्याकडे सीएफसीचा कारभार जवळजवळ आटोपला. त्याच्या जागी बावीस मोठ्या प्रमाणात आला. यातही क्लोरीन आहे, पण हा रेणू खालीच बराचसा तुटतो, म्हणून ओझोनचं नुकसान आर-११ च्या विसाव्या हिश्श्याएवढं. म्हणून त्याचा नंबर नंतर लागला. १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे बावीसवर चालणारं नवीन यंत्र बनवायला बंदी आहे. जुन्या यंत्रात दुरुस्तीसाठी भरायला बंदी नाही. पुरवठा कमी कमी होत २०३० साली जवळपास थांबेल आणि दुरुस्तीपुरता चिमूटभर २०४० पर्यंत चालेल. तेव्हा ‘बावीस बंद झाला’ हे आज तरी खरं नाही. महाग होत जाईल, हे मात्र खरं.

क्लोरीन काढून टाकलेले गॅस म्हणजे १३४ए, ४०४ए, ४१०ए, ३२. यांना एचएफसी, म्हणजे हायड्रोफ्लुरोकार्बन म्हणतात. यांच्यामुळे ओझोनला धक्का नाही, म्हणून डब्यावर ‘ओझोन फ्रेंडली’. स्टिकर खोटं बोलत नाही, ते फक्त पहिल्या आजाराबद्दल बोलतं. दुसऱ्या आजाराचा आकडा निराळा: एक किलो गॅस शंभर वर्षांत किती किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो? बावीस १,८१०. बत्तीस ६७५. १३४ए १,४३०. ४१०ए २,०८८. आणि तुम्हाला सुचवलेला ४०४ए ३,९२२. ओझोनसाठी निरुपद्रवी, पण गोधडीच्या हिशेबात बावीसच्या दुपटीहून जड. म्हणूनच २०१६ साली किगालीला मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि हे एचएफसीही कमी करायचं ठरलं. भारतानं २०२१ साली ती स्वीकारली आणि आपली कपात २०३२ पासून सुरू होते. आज ४०४ए भरलात तर काही वर्षांनी ‘हाही बंद होतोय’ म्हणत पुन्हा कुणीतरी दारात उभा राहील.

आता तुमचं चेंबर. तुमच्या सगळ्या मजकुरात मला खटकलेला शब्द ‘संपला’ हा आहे. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, भाऊ. बंद नळीत तोच गॅस फिरत राहतो, एकदा भरला की यंत्राच्या आयुष्यभर पुरायला हवा. दोन वर्षांत आठ किलो भरावा लागला म्हणजे आठ किलो बाहेर गेला, आणि दोन्ही वेळा भोक न शोधता वरून भरला गेला. दरवर्षी ‘टॉपअप’ करणारा माणूस गिऱ्हाईक टिकवतो, यंत्र दुरुस्त करत नाही.

त्या आठ किलोंचा हिशेब करा. ८ गुणिले १,८१०, म्हणजे साडेचौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो निघतो. ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर सावद्याहून दिल्लीला केळी नेणाऱ्या अठरा-एकोणीस ट्रकांच्या जाण्याचा धूर तुमच्या त्या गळतीत बसतो. हीच गळती न बुजवता आत ४०४ए भरला असता तर साडेएकतीस टन झाले असते.

ही झाली हवेची बाजू. ४०४ए नको म्हणण्याचं माझं दुसरं कारण निव्वळ धंद्याचं आहे, आणि ते आपल्या उन्हाशी जोडलेलं आहे. प्रत्येक गॅसला एक वरची मर्यादा असते, त्या तापमानाच्या वर कितीही दाबा, तो द्रव होत नाही. बावीसची मर्यादा ९६ अंश, ४०४ए ची ७२. मे महिन्यात बाहेर ४५, पत्र्यावर ठेवलेल्या कंडेन्सरजवळ (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीजवळ) ५०, आणि आतला गॅस त्याहून बारा-पंधरा अंश गरम असतो तेव्हाच तो उष्णता बाहेर टाकू शकतो. म्हणजे ६२-६५. बावीसला अजून मोकळी जागा असते, ४०४ए ची दमछाक होते. कूलिंग घटतं, अँपिअर चढतात, हाय प्रेशरवर युनिट ट्रिप होतं. आणि हे नेमकं तुमचा माल आत असताना. ४०४ए मुळात उणे तापमानाच्या कोल्ड रूमसाठी. केळी पिकवायला १६ ते १८ अंश लागतात, तेराच्या खाली गेलात तर साल काळी पडते. तुम्हाला त्या गॅसच्या ताकदीचा काही उपयोग नाही. वर बावीसच्या कॉम्प्रेसरमधलं मिनरल तेल काढून पीओई हे कृत्रिम तेल भरा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बदला, हा खर्च वेगळाच.

मग काय करावं? इथं मात्र यंत्र पाहिल्याशिवाय कुणी ठाम सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. कॉम्प्रेसर कसा ओढतोय, आतली कॉइल कितपत सडलीय आणि चेंबर वर्षाचे किती दिवस चालतं, यावर सगळं अवलंबून आहे.

माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ गळत्या फ्लेअर नटला, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या पिनेला, किंवा जिथं पाइप पत्र्याला घासतो तिथं असतात. रायपनिंग चेंबरमध्ये हवा कायम दमट ठेवावी लागते, त्यामुळे आतल्या कॉइलचे यू-बेंडही काळे पडून झिरपतात. पद्धत अशी: उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. लाइनमध्ये नायट्रोजन दाबानं भरायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी काटा उतरला असेल तर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावत जायचं. सापडलं की ब्रेझिंग (धातू वितळवून जोड बुजवणं), पुन्हा नायट्रोजन, मग व्हॅक्युम पंप पुरेसा वेळ, आणि शेवटी गॅस वजनकाट्यावर तोलून. अंदाजानं भरणाऱ्याला हात लावू देऊ नका. भोक एका-दोन जागी असेल आणि कॉम्प्रेसर ठणठणीत असेल, तर मी बावीसच भरीन आणि आणखी काही वर्षं निवांत वापरीन.

कॉइल सगळीच सडलेली निघाली, तर गॅस बदलण्याच्या नादी न लागता युनिटच बदला. नवीन घेताना बत्तीसवरचं मिळालं तर एचएफसींमध्ये त्याचा आकडा सगळ्यात कमी, पण तो मंद का होईना पेट घेतो आणि त्याचा दाब बावीसच्या दीडपटीहून जास्त. म्हणून त्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस भुसावळ-जळगावात तुम्हाला हाकेच्या अंतरावर आहे का, हे आधी बघा. नसेल तर १३४ए. उन्हाला तो सगळ्यात बिनधास्त, त्याची मर्यादा १०१ अंश आहे. फक्त कॉम्प्रेसर मोठा लागतो. मोठ्या कोल्ड स्टोरेजवाल्यांचा अमोनिया दोन्ही हिशेबांत शून्य आहे, पण विषारी, तुमच्या आकाराच्या चेंबरला नको. आणि कुणी बावीसच्या यंत्रात ‘स्वस्तातला’ गॅस म्हणून एलपीजी किंवा प्रोपेन भरतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. प्रोपेनवर चालणारी यंत्रं चांगली असतात, पण ती कारखान्यातून तशी बनून आलेली, आणि त्यांत गॅस काही शे ग्रॅमच असतो.

विजेचंही सांगतो, कारण तिकडे कुणी बघत नाही. पाच टनाचं युनिट दिवसाला बारा तास, वर्षाला २५० दिवस चाललं तर अठरा हजार युनिटच्या आसपास वीज खातं. आपली वीज मुख्यतः कोळशाची, दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या तुम्हाला भुसावळला येता-जाता दिसतात. विजेच्या युनिटमागे पाऊण किलोच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड धरला तरी वर्षाला तेरा टन. म्हणजे वीज हा मोठा भाग, आणि तुमची वर्षाची चार किलोंची गळती त्याच्या निम्म्याहून जास्त. गेल्या उन्हाळ्यात फैजपूरकडे एका चेंबरचा कंडेन्सर नुसता धुतला. मातीनं आणि कापसाच्या तुसानं बुजला होता. क्लॅम्प मीटरवर साडेअकरा अँपिअर होते ते दहावर आले. वर शेडनेटची सावली करा, पण वारा अडू देऊ नका. दाराचं रबर तपासा. यातल्या कशालाच नवा गॅस लागत नाही.

मुलीच्या वहीतलं ते वाक्य खोडून तिथं दोन लिहायला सांगा. एक, ओझोनचा थर पातळ झाला की अतिनील किरण वाढतात, आणि मॉन्ट्रियल करारामुळे तो भरून येतोय. ध्रुव सोडून बाकीच्या जगावर २०४० च्या सुमारास तो १९८० च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. दोन, तापमान वाढतंय ते गोधडी जाड झाल्यानं, आणि फ्रिज-एसीतून गळणारे गॅस त्या गोधडीतले काही धागे आहेत. बाईंनी ‘ओझोन स्वतःही ग्रीनहाऊस वायू नाही का?’ असं विचारलंच, तर उत्तर हो. थोडासा आहे. पण त्यामुळे थर झिजला की पृथ्वी किंचित थंडच होईल, गरम नाही.

युनिटच्या नेमप्लेटचा आणि आतल्या कॉइलच्या यू-बेंडचा फोटो टाका, मग नक्की काय ते सांगता येईल. तोवर तो मेकॅनिक आलाच, तर त्याच्या गाडीवर रिकामा सिलिंडर आणि रिकव्हरी मशीन आहे का एवढंच बघा. पाना हातात घेऊन तो थेट व्हॉल्व्ह उघडायला लागला, तर त्याला तिथंच थांबवा.